दर ठरण्याआधी काम ठरू द्या

गृहनिर्माण संस्थेची दुरुस्ती निघाली की ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकच रीत आहे. तीन ठेकेदारांकडून कोटेशन मागवायची, सर्वसाधारण सभेत आकडे वाचून दाखवायचे, सर्वात कमी असेल त्याला अजून थोडे खाली आणायचे आणि काम देऊन मोकळे व्हायचे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची अशी तीन कोटेशन शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एकात लिहिलेले असते, ‘ब्रिकबॅट कोबा, वर चायना मोझॅक’. दुसऱ्यात ‘केमिकल कोटिंग, दोन हात’. तिसऱ्यात नुसतेच ‘टेरेस वॉटरप्रूफिंग, दहा वर्षांची गॅरंटी’. प्रत्येकापुढे चौरस फुटाचा दर. तिघांनी तीन वेगळी कामे सांगितलेली असतात आणि सभा मात्र त्यांच्या दरांची तुलना करत बसते. आपल्याला नेमके काय करून हवे आहे, हे संस्थेने कुठेच लिहिलेले नसते. ते ठेकेदाराने लिहिलेले असते, आणि त्याने ते त्याला परवडेल तसे लिहिलेले असते.

या एका गच्चीसाठी काय लिहायला हवे? जुना कोबा काढायचा की त्यावरच नवा टाकायचा, हा पहिला प्रश्न. शंभर मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. ये-जा असलेल्या गच्चीवर माणसांचा आणि सामानाचा म्हणून जो भार हिशेबात धरतात, तो चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. म्हणजे जुन्या थरावर नवा थर चढवला की माणसांसाठी आणि सामानासाठी धरलेल्या साऱ्या भाराहून जास्त वजन त्या स्लॅबवर कायमचे येऊन बसते. कोबा काढायचा ठरला तर ब्रेकर चालेल की छिन्नी-हातोडाच, राडारोडा गच्चीवर किती वेळ राहू द्यायचा, उतार किती आणि कोणत्या पाइपाकडे, कठड्याच्या भिंतीवर थर किती उंच न्यायचा, भिंत आणि गच्ची मिळतात तो कोपरा कसा भरायचा, पाणी किती दिवस मारायचे. आणि काम झाल्यावर गच्चीत पाणी किती तास उभे ठेवून पाहायचे, खालच्या घरांची छते कोणी तपासायची, नोंदीवर सही कोणाची, त्या सहीआधी किती बिल राखून ठेवायचे. एवढे सगळे लिहिले की दीड-दोन पाने होतात. या पानांना स्पेसिफिकेशन म्हणतात. ती असतील तर तिन्ही दर एकाच कामाचे होतात आणि गॅरंटीलाही अर्थ येतो, कारण ती कशाची आहे हे लिहिलेले असते.

नकाशा काय, कुठे आणि किती ते सांगतो. ते कशाचे करायचे, कसे करायचे आणि नीट झाले हे कसे ओळखायचे, हे स्पेसिफिकेशन सांगते. आपल्याकडे नकाशाला मान आहे. दराला तर फारच आहे. या तिसऱ्या कागदाला कोणी विचारत नाही. निकृष्ट काम साइटवर होते, ठेकेदार सिमेंट खातो, मुकादम लक्ष देत नाही, अशी आपली समजूत असते. माझे म्हणणे असे आहे की बहुतेक कामांचा दर्जा साइटवर पहिले घमेले पडण्याआधीच कागदावर ठरून गेलेला असतो. कागदावर जे मोजता येईल अशा रीतीने लिहिलेले नाही ते साइटवर मागता येत नाही, आणि जे मागता येत नाही ते मिळत नाही.

कल्याण पूर्वेत २० मे २०२५ रोजी सप्तशृंगी नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या घरात लाद्यांचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन गेला. सहा जणांचे जीव गेले. त्या घटनेच्या कारणांचा निवाडा मी करणार नाही. पण जुन्या इमारतींत घराचे नूतनीकरण करताना संस्थेकडून जे पत्र घेतले जाते ते ठाणे-कल्याणमधल्या कोणत्याही सोसायटीत जाऊन वाचा. ‘आपल्या सदनिकेतील अंतर्गत कामास हरकत नाही. राडारोडा स्वखर्चाने उचलावा. दुपारी दोन ते चार काम बंद ठेवावे.’ शेजाऱ्यांच्या झोपेची वेळ त्यात असते. जुनी लादी काढूनच नवी बसवायची, खालचा मसाला अमुक जाडीपेक्षा जास्त नको, यंत्राने फोडाफोडी करायची नाही, वाळूच्या आणि लाद्यांच्या थप्प्या एका जागी रचायच्या नाहीत, यातले एकही वाक्य नसते. पन्नास मिलिमीटर मसाला आणि वर लादी असा नुसता थर जुन्या फरशीवर चढवला तरी दहा बाय बाराच्या खोलीत दीड टनाच्या आसपास वजन वाढते. ही चार वाक्ये लिहिण्यासाठी फार मोठा इंजिनिअर लागत नाही. ज्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल कपाटात पडून आहे, तिच्या समितीने तो अहवाल करणाऱ्याकडूनच ही चार वाक्ये एकदा लिहून घ्यावीत, एवढेच लागते.

सार्वजनिक कामांत कागद भरपूर असतो, दुखणे तेच असते. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हा महापालिकांच्या अंदाजपत्रकांचाही मोठा आधार. निविदा बी-१ नमुन्यात असेल तर ठेकेदार संपूर्ण अंदाजपत्रकावर इतके टक्के कमी किंवा जास्त एवढेच भरतो. बी-२ असेल तर बाबनिहाय दर देतो. दरसूचीतली पायाच्या खोदकामाची बाब वाचून पाहा. माती, वाळू, मुरूम अशा सर्व प्रकारच्या जमिनीत खोदायचे, निघालेला माल ठरावीक अंतरापर्यंत नेऊन टाकायचा, पाणी उपसायचे, तळ तयार करायचा, पुन्हा भरून धुम्मस करायचे, गरजेप्रमाणे बाजूंना आधार द्यायचा, निर्देशानुसार, इत्यादी सर्व पूर्ण. हे सगळे एका वाक्यात आणि घनमीटरच्या एका दरात. डोंबिवलीत किंवा नौपाड्यात जिथे शेजारच्या इमारतीची भिंत खड्ड्यापासून तीन मीटरवर असते, तिथे ‘बाजूंना आधार’ या दोन शब्दांत शेजारच्या वीस कुटुंबांचे घर असते. तो आधार कशाचा, किती खोलीनंतर, कोणी आखलेला, शेजारच्या भिंतीला तडा जातो का ते कोणी आणि कशाने मोजायचे, याचा पत्ता नाही. त्याचा वेगळा दर नाही, म्हणून कोणी करत नाही. करणारा एखादा निघालाच तर तो निविदेत महाग ठरून बाहेर पडतो.

मोघम स्पेसिफिकेशनचा सर्वात मोठा फटका प्रामाणिक ठेकेदाराला बसतो, आणि ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. ‘चांगल्या प्रतीची वाळू’, ‘नामांकित कंपनीचे किंवा तत्सम’, ‘अभियंत्याच्या समाधानाप्रमाणे’. यातल्या प्रत्येक शब्दाची किंमत भरताना प्रामाणिक माणूस चांगल्यात चांगल्या मालाचा दर धरतो. दुसरा मात्र अभियंत्याचे समाधान कितीत होईल याचा अंदाज धरतो. दुसऱ्याचा आकडा खाली येणारच. मग अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ निविदा आल्याचे आश्चर्य वाटायला नको. एवढ्या खाली काम होते कसे, असे लोक विचारतात. कामाची व्याख्याच सैल असली की ते होते. स्पेसिफिकेशन जितके मोजण्याजोगे, तितके सर्वांना एकाच कामाचा दर द्यावा लागतो आणि खोटे खाली जाण्याची जागा उरत नाही. भ्रष्टाचार थांबवायचा म्हणून आपण दक्षता समित्या नेमतो, त्रयस्थ संस्थांकडून तपासण्या करवतो, ते करावेच. पण त्रयस्थ तपासनीस कामाची तुलना शेवटी कशाशी करणार? निविदेत लिहिलेल्या वाक्याशीच. ते वाक्य ‘निर्देशानुसार’ असेल तर त्याच्या हातात काही नाही.

दुसरा दोष मांडणीचा. एकच गोष्ट चार ठिकाणी, चार प्रकारे लिहिलेली असते. स्लॅबला पाणी किती दिवस मारायचे याचे उत्तर बाबीच्या वर्णनात एक, सर्वसाधारण अटींत दुसरे, नकाशाच्या कोपऱ्यातल्या टिपेत तिसरे, आणि ‘संबंधित आयएस संहितेप्रमाणे’ म्हणून चौथे. काँक्रीटची संहिता, आयएस ४५६, साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस सांगते, आणि फ्लाय अॅश वगैरे मिसळलेले सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान दहा. आज बाजारात सहज मिळणारी गोणी बहुधा मिश्र सिमेंटचीच असते. साइटवर मात्र सातच दिवस चालतात, कारण चार उत्तरांतले सर्वात सोयीचे तेच असते. वाद झाला की प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे पान काढतो.

यावर जगात जुना आणि साधा उपाय आहे. अमेरिकेत १९४८ साली स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यांची एक संस्था निघाली. तिने सगळ्या बांधकामाची ठरावीक क्रमांकांच्या विभागांत वाटणी केली. आधी ते सोळा होते, २००४ साली पन्नास झाले. काँक्रीट नेहमी त्याच क्रमांकावर, गवंडीकाम त्याच क्रमांकावर. प्रत्येक प्रकरणाचे भाग तीन: सर्वसाधारण बाबी, माल, आणि प्रत्यक्ष काम. पाणी मारण्याचे दिवस शोधायचे तर काँक्रीटच्या प्रकरणातला तिसरा भाग उघडायचा. इतर कुठेही ते लिहिलेलेच नसते. आपल्याकडेही केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या स्पेसिफिकेशनचे खंड कामाच्या प्रकारानुसार नीट लावलेले आहेत, त्यांची ताजी आवृत्ती २०१९ ची आहे. रस्ते आणि पुलांसाठी केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे पुस्तक आहे, २०१३ ची पाचवी सुधारित आवृत्ती. म्हणजे चौकट तयार आहे. आपली अडचण निराळीच: मागच्या निविदेची फाइल उघडायची, कामाचे नाव बदलायचे आणि छापायची. मी एका इमारतीच्या निविदेत सागरी बंधाऱ्याच्या दगडांची कलमे पाहिली आहेत. दुसऱ्या एका कामात फक्त नदीची वाळू चालेल अशी अट होती, त्या काळात नदीची कायदेशीर वाळू मिळणे जवळपास अशक्य होते. साइटवर अर्थातच क्रश सँड आली, आणि क्रश सँडमधली बारीक भुकटी किती चालेल याची कसोटी मात्र निविदेत कुठेच नव्हती, कारण कागदानुसार ती साइटवर नव्हतीच. खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ मध्ये दगडापासून बनवलेल्या वाळूला रीतसर जागा आहे. ते पान निविदेत लावायला दहा मिनिटे पुरतात.

आणि वाळूचा विषय ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तरी हलक्याने घेऊ नये. मुंब्रा, कळवा, डोंबिवली, कल्याण, जिथे जाल तिथे खाडीकाठी एक रेतीबंदर आहे. या शहरांच्या वाढीची दोन-तीन दशके त्या रेतीवर उभी राहिली, आणि खाडीची रेती न धुता वापरली की तिच्यातले मीठ काँक्रीटमध्ये जाते. ते सळईला गंज चढवते, गंजलेली सळई फुगते, तिच्यावरचे काँक्रीटचे कव्हर फोडते, आणि एक दिवस स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे खाली पडून तांबड्या सळया दिसू लागतात. सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला जास्तीत जास्त ०.६ किलो क्लोराइड चालेल, अशी आयएस ४५६ ची मर्यादा आहे. पाण्यातल्या क्लोराइडलाही मर्यादा आहे. संहितेत आकडा होता, पण किती इमारतींच्या करारात तो होता? रेतीची ही चाचणी कोणी करायची, किती ट्रकांमागे एकदा, नापास झाली तर ट्रक परत जाणार का, हे लिहिलेले असते तर निदान कोणीतरी विचारले असते. आज पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या असलेल्या कित्येक इमारती तीस-पस्तीस वर्षांतच म्हाताऱ्या झाल्या. काँक्रीट इतक्या लवकर म्हातारे व्हावे असा त्याचा स्वभाव नाही.

त्याच संहितेत हवामानाचे वर्ग आहेत. जोरदार पाऊस, आलटून पालटून भिजणे-सुकणे, किनाऱ्याची हवा, असे असेल तर वर्ग ‘तीव्र’: काँक्रीट किमान एम ३०, घनमीटरला सिमेंट किमान ३२० किलो, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नको, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर. खाडीलगतच्या, चार महिने पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या कॉलमला आणि छज्ज्याला हा वर्ग लागत नाही, असे म्हणायला फार धाडस लागेल. तरी किरकोळ बांधकामांच्या कागदांत अजून १:२:४ चे मिश्रण दिसते. ते जेमतेम एम १५ च्या तोडीचे. आरसीसीसाठी किमान एम २० हा नियम येऊन पाव शतक झाले. जुने कोटेशन पुढे चालत राहते, कारण नवे कोणी लिहीत नाही.

स्पेसिफिकेशन गावाचे असावे लागते, हे सांगण्यासाठी रेडीमिक्सचे उदाहरण देतो. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून दोन तासांच्या आत साइटवर रिकामे व्हावे, असे त्यासाठीची आयएस ४९२६ सांगते. पुस्तकात हे सोपे आहे. पण गाडी शिळफाट्याला किंवा घोडबंदर रस्त्यावर अडकली की काय? गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. गाडी थांबवून ठेवतात. दीड तास फिरत राहिलेले काँक्रीट घट्ट होते, साइटवर पोहोचल्यावर पंपातून जात नाही, आणि ड्रायव्हर किंवा पंपवाला नळी लावून ड्रममध्ये पाणी सोडतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे आणि बांधकामावर काम करणारा प्रत्येक जण पाहत असतो. पाणी सोडताच माल मऊ होतो, कामगार खूश होतात, स्लॅब वेळेत भरतो, आणि कागदावरचे एम ३० कुठल्या कुठे जाते. इथे ठेकेदाराला शिव्या देऊन भागत नाही. या भागातल्या कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिले पाहिजे: प्लांट साइटपासून किती अंतरावर हवा, वाहतूकबंदीच्या वेळा सोडून भरण्याचे वेळापत्रक, सेटिंग लांबवणारे रसायन प्लांटवरच किती घालायचे, गाडीच्या चलनावर भरण्याची वेळ, साइटवर स्लंप किती मोजला पाहिजे, साइटवर पाणी घालण्यास पूर्ण मनाई, आणि गाडी परत पाठवण्याचा अधिकार कोणाला. शेवटचे कलम सर्वात महत्त्वाचे. कनिष्ठ अभियंत्याच्या हातात हा अधिकार लेखी असेल तर तो गाडी परत पाठवू शकतो. लेखी नसेल तर सहा घनमीटर काँक्रीट नाकारण्याची हिंमत कोणी करत नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडची इमारत कोसळून ७४ माणसे गेली. बेकायदा इमारत, मजल्यांवर मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. तिथे परवानगीच नव्हती, तुमचे स्पेसिफिकेशन काय करणार होते? खरे आहे. ज्यांना कागदच नको आहे त्यांना कागदाने अडवता येत नाही. तिथे पालिका, पोलीस आणि न्यायालय लागते. पण डोंबिवलीच्या ६५ इमारतींचे प्रकरण पाहा. महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद तयार झाले, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळाली, लोकांनी त्या नोंदणीवर विश्वास ठेवून आयुष्यभराची कमाई घातली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. या घरांत राहणाऱ्यांचा दोष मी काढणार नाही. त्यांना व्यवस्थेने एक क्रमांक दाखवला आणि तो पुरेसा आहे असे सांगितले. मला म्हणायचे आहे ते एवढेच की आपण कागद असल्या-नसल्याचे पाहायला शिकलो आहोत, कागदात काय आहे ते पाहायला अजून शिकलो नाही.

रेरा कायद्याने या बाबतीत ग्राहकाच्या हाती बरेच दिले आहे. मंजूर नकाशे आणि स्पेसिफिकेशन साइटवर लावून खरेदीदाराला दाखवायचे बंधन त्यात आहे. घर विकल्यावर नकाशात, स्पेसिफिकेशनमध्ये, फिटिंग्जमध्ये खरेदीदाराच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारात ‘ई’ हे परिशिष्ट आहे, त्यात लाद्या, नळ, लिफ्ट कोणत्या कंपनीच्या हे लिहायचे, कंपनी ठरलेली नसेल तर किमतीची मर्यादा लिहायची. आता आपल्याच घराच्या कराराचे परिशिष्ट ई काढून वाचा. ‘व्हिट्रिफाइड फ्लोअरिंग. ब्रँडेड सॅनिटरी फिटिंग्ज. कन्सील्ड कॉपर वायरिंग. उत्तम प्रतीचा रंग.’ वायरची जाडी नाही, प्लास्टरची नाही, बाहेरच्या भिंतीची नाही, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचा शब्द नाही. कायद्याने संरक्षण दिले ते लिहिलेल्या गोष्टीला. मोघम लिहिले की मोघमच संरक्षण मिळते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: चांगले लिहिलेलेही कोणी पाळत नाही. याचे उत्तर आपल्याच ठाणे-कल्याण रेल्वेमार्गाच्या इतिहासात आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली, आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली. चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, त्या घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. चौकशी झाली तेव्हा हा मार्ग बांधणाऱ्या कंपनीच्या अनेक पुलांचे दगडकाम खराब निघाले आणि कितीतरी कामे पुन्हा करावी लागली. दगडी खांबाचा दर्शनी थर घडीव असतो. आतला भराव बाहेरून दिसत नाही, आणि काम बिघडायची तीच जागा असते. आरसीसीतही तेच. सळई काँक्रीटखाली जाते, वॉटरप्रूफिंग लादीखाली, डांबराखालचा थर डांबराखाली. म्हणून चांगले स्पेसिफिकेशन कामाचे वर्णन करून थांबत नाही. झाकले जाण्याआधी कोणत्या टप्प्यावर काम थांबायचे, कोणी येऊन पाहायचे, काय मोजायचे आणि सही झाल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही, हे सांगते. तीस घनमीटरचा स्लॅब भरायचा तर काँक्रीटचे किमान तीन नमुने, प्रत्येकाचे अठ्ठावीस दिवसांसाठी तीन क्यूब, असे संहितेत आहे. क्यूबवर तारीख आणि जागा कोणी लिहायची, ते कोणत्या प्रयोगशाळेत आणि कोणाच्या हाताने जायचे, नापास झाले तर काय, हे मात्र कामाच्या कागदातच लिहावे लागते. ते नसले की क्यूब वेगळ्याच मालाचे बनतात आणि नेहमी पास होतात.

काम पूर्ण झाले हेही चाचणीने ठरावे, तारखेने नाही. कल्याण-शीळ मार्गावरचा पलावा पूल अनेक वर्षे रखडून ४ जुलै २०२५ रोजी उघडला, आणि दुचाकी घसरू लागल्याने काही वेळातच बंद करून पृष्ठभागावर खडी-ग्रीट टाकण्याची वेळ आली. भर पावसाळ्यात उघडणाऱ्या पुलाचा पृष्ठभाग ओला असताना घसरतो का, ही चाचणी उद्घाटनाच्या अटींत असती तर हा प्रसंग आला नसता.

भाषेबद्दलही बोलले पाहिजे. महापालिकेची निविदा सूचना वर्तमानपत्रात मराठीत येते आणि आतली दोनशे पाने इंग्रजीत. साइटवरचा मुकादम मराठी किंवा हिंदी वाचतो, सेंट्रिंगवाले आणि गवंडी उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, तेलंगणातून आलेले. ज्याच्या हातून काम व्हायचे त्याला कागद वाचता येत नाही आणि ज्याच्या दारात काम होते त्यालाही नाही. सगळी निविदा भाषांतरित करा असे मी म्हणत नाही. कायदेशीर मजकूर आहे तसा राहो. पण प्रत्येक कामाचे एक पान मराठीत आणि हिंदीत, आकृत्यांसह, साइटच्या फलकावर लावता येते: रस्त्याचे किती थर, प्रत्येकाची जाडी, काँक्रीटची ग्रेड, पाणी मारण्याचे दिवस, दोष दायित्व कालावधी कधी संपतो, तपासणी कोणाची. आज फलकावर कामाचे नाव, निधी आणि कोणाच्या प्रयत्नांतून हे काम होत आहे ते असते. माहिती अधिकार कायद्यात नागरिकाला सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क २००५ पासून आहे, कलम २ मध्ये तो स्पष्ट लिहिलेला आहे. तो वापरला जात नाही, कारण नमुना कशाशी ताडून पाहायचा हेच नागरिकाला ठाऊक नसते. ते एक पान मिळाले की हा हक्क हातात येतो.

हे सगळे आत्ताच का, तर ही शहरे पुन्हा बांधली जाणार आहेत. ठाण्यात किसननगरपासून क्लस्टर पुनर्विकासाची सुरुवात झाली आहे, नौपाड्यात आणि डोंबिवलीत जवळपास प्रत्येक गल्लीत एक तरी सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. सभासदांच्या सभांत वाद होतात ते वाढीव कार्पेट किती टक्के, कॉर्पस किती, भाडे किती, पार्किंग कोणाला यावर. ते व्हायलाच हवेत. विकासकाच्या प्रस्तावाला जोडलेल्या स्पेसिफिकेशनवर मात्र सभेत पंधरा मिनिटेही जात नाहीत, आणि पुढची पन्नास वर्षे राहायचे त्या घराचे बाकी सगळे त्या पानांत ठरलेले असते. पुनर्विकासासाठी शासनाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संस्थेला प्रकल्प सल्लागार नेमावा लागतो. त्याच्याकडून निविदा काढण्याआधी स्पेसिफिकेशन लिहून घ्या आणि सर्व विकासकांना त्याच कागदावर प्रस्ताव द्यायला सांगा. त्या कागदासाठी एक वेगळी सभा ठेवा. संस्थेत एखादा निवृत्त अभियंता असतोच, त्याला ते वाचायला आणि सभेत मराठीतून समजावून सांगायला बसवा. काँक्रीटची ग्रेड, कव्हर, वाळूची आणि पाण्याची चाचणी, वॉटरप्रूफिंगची पद्धत, क्यूबचे अहवाल संस्थेला दर महिन्याला मिळणे, झाकण्याआधीच्या तपासणीला संस्थेचा माणूस हजर असणे, एवढे तरी त्यात आकड्यांनिशी आहे का ते पाहा. नसेल तर विकास करारावर सही करू नका.